बांधाखालचे फाळ

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. ज्या गावानं दोन वर्षं मला खोटारडी ठरवलं, त्या गावाच्या किती रीती पाळायच्या हे माझं मी ठरवलं आहे. मी ताजबी, माझ्या नवऱ्याचं नाव मीरासाब. तारायंत्राच्या पलटणीत मिस्त्री म्हणून तो बसऱ्याला गेला, चार वर्षं राहिला, आणि तोफांच्या आवाजानं दोन्ही कान जवळजवळ गमावून परत आला. ही गोष्ट शाहू महाराजांच्या राज्यातली, जर्मनची पहिली लढाई नुकती संपली होती तेव्हाची.

आमचं गाव कोल्हापूरपासून तीन कोसांवर. आमच्या रानाला लागून बाळासोचं रान, मधे बांध, आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. नवरा लढाईवर असताना ते रान मी एकटीनं कसलं. तापाच्या साथीत नेसरीला माझी आई गेली, म्हणून महिनाभर माहेरी राहिले. परत येऊन बघते तर दगड अठरा हात सरकून आमच्या रानात आलेला. बांध नवा घातलेला. जुन्या दगडाजवळ एक बाभळ होती, ती मुळासकट नाहीशी झालेली. आणि जुन्या बांधावरून नांगर फिरवून बाळासोनं शाळू पेरलेला.

मी तशीच त्याच्या दारात गेले. तो सोप्यात बसून जेवत होता. उठलासुद्धा नाही. म्हणाला, "वैनी, आई गेल्यापास्नं तुमचं ध्यान ठिकाणावर न्हाय. दगूड हुता तितंच हाय." आणि बायकोला म्हणाला, वैनीला पाणी दे. ते पाणी मी प्यायले नाही. जमीन खाऊन वर पाणी पाजणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो.

पंचांतले थोरले जोतीराम आण्णा. त्यांच्याकडं गेले तर ते म्हणाले की बाईमाणसाला बांधातलं काय कळतंय, मीरासाबला येऊ दे. अकरा वर्षं मी त्या बांधाचं गवत कापलं होतं. त्या दगडावर बसून रोज दुपारी भाकरी खाल्ली होती. पण मला कळत नव्हतं, आणि ज्यांनी कधी आमच्या रानात पाय ठेवला नाही त्यांना कळत होतं. सगळं गाव म्हणायला लागलं की दगड पहिल्यापासून तिथंच आहे. काहींना बाळासोच्या गुऱ्हाळावरचा गूळ गोड लागत होता, काहींना भांडणात पडायचं नव्हतं. मला दोघांचाही सारखाच राग होता. शहरात जाऊन कचेरीत अर्ज दिला. तिकडून उत्तर आलं, गावच्या पंचांनी गावच्या चालीनं निकाल करावा.

गावची चाल सांगते. दोन रानांची हद्द ठरली की दोन्हीकडचे मालक आपापल्या नांगराचा झिजलेला फाळ आणतात. दोन्ही फाळ पाठीला पाठ लावून तारेनं बांधतात आणि दोन हात खोल पुरतात. वर कोळसा आणि खापऱ्या टाकतात, आणि त्यावर दगड बसवतात. दगड हलवता येतो. खालच्या फाळांपर्यंत सहसा कुणी जात नाही, कारण ती जागा म्हसोबाची मानतात. पुढं तंटा झाला तर तक्रार करणाऱ्याला एकच खड्डा मिळतो, दोन हात लांब, दोन हात रुंद. त्यात फाळ निघाले तर हद्द तिथं. नाही निघाले तर तक्रार कायमची संपली, आणि तक्रार करणाऱ्यानं सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा.

जुना दगड कुठं होता हे मला ठाऊक होतं, पण नांगरलेल्या रानात, बाभळीची खूणसुद्धा नसताना, चारपाच हात इकडं की तिकडं हे छातीठोक सांगणं अवघड होतं. आणि खड्डा एकच. चुकला असता तर अठरा हात जमीन गेली असती, आणि बाळासोच्या पायाशी मला वाकावं लागलं असतं. जमीन गेली असती तर मी रडून मोकळी झाले असते. वाकणं मला जमलं नसतं.

मीरासाब आला तेव्हा मला वाटलं, आता सुटले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून मी सगळं सांगितलं. तो रानात गेला, पावलं मोजली, परत आला आणि म्हणाला, "पक्कं का?" दुसऱ्या दिवशी परत तेच. जेवताना, अंथरुणावर पडताना, पक्कं का. चार वर्षांत तोही विसरला होता दगड कुठं होता, आणि सगळं गाव एकीकडं म्हटल्यावर त्याला गाव खरं वाटायला लागलं होतं. परक्यांचं मी सहन केलं असतं. घरातल्या माणसानं विचारलेलं ते पक्कं का मला रोज नव्यानं लागायचं. एकदा मी त्याच्यासमोर भाकरीची परात आपटली. त्याला आवाज आला नाही, पण पीठ उडालेलं दिसलं.

त्यानंतर तो यंत्राला लागला. तिकडं लढाईत जमिनीत रुतलेले, न फुटलेले गोळे हुडकायला असं यंत्र वापरतात हे त्यानं एका गोऱ्या साहेबाकडून ऐकलं होतं. चाळणीएवढी दोन लाकडी कडी केली आणि त्यांवर बारीक तांब्याची तार गुंडाळली. कल्हईवाल्याकडून नवसागर आणून काचेच्या बरण्यांत बॅटरी केली. एका कड्यात वीज सोडायची, ती सारखी चालूबंद करणारी एक पट्टी लावायची, आणि दुसरं कडं टेलिफोनच्या कानाला लावायच्या डबीला जोडायचं. कडी एकमेकांवर थोडी सरकवत नेली की एका जागी डबीतला गुणगुणाट बंद पडतो. त्याला तो तोल म्हणायचा. तोल साधल्यावर जवळ लोखंड, चांदी, कसलाही धातू आला की तोल मोडतो आणि डबी परत गुणगुणते.

हे सगळं खरं, पण डबी कानाला लावणार कोण? यंत्र करणाऱ्याला कानाशी ओरडलेलंच तेवढं ऐकू यायचं. म्हणून ऐकायचं काम माझ्याकडं आलं. तो कडं केसभर सरकवायचा, मी आवाज मेला की हात वर करायची. परसात कुदळ पुरून आम्ही महिनाभर सराव केला. आवाज कधी बारीक, कधी जाड, कधी टोचरा, कधी गोल, हे मला हळूहळू कळायला लागलं. त्याला ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते, मग मी बोटांनी दाखवायची.

पंचांनी एक दिवस दिला. सूर्य मावळेपर्यंत काय ते शोधा, मग खड्डा, मग निकाल. शाळू काढून रान मोकळं झालं होतं. जत्रेला यावं तसं गाव जमलं. मी अंगावरची चांदी काढून ठेवली होती, डबी कानाला धरली. मीरासाबनं तोल साधला आणि कडी जमिनीवरून फिरवायला लागला. डबी गुणगुणली. दोन पावलांवर परत गुणगुणली. मग सगळीकडंच. शेवटी माझंच लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. पलटणीतले बूट, तळाला खिळे मारलेले. त्या बुटांचा त्याला फार तोरा होता. मी बोट दाखवलं तसे त्यानं ते काढून बांधावर फेकले आणि लोक हसले.

अनवाणी फिरला तरी यंत्र नऊ ठिकाणी बोललं. नऊ. आणि खड्डा एक. जोतीराम आण्णा सावलीत बसून म्हणाले की नवातला एक निवडा आणि सुटका करा, घरी गुरं वाट बघतात. मी सांगेन तशी मीरासाब प्रत्येक जागेवर आवाजाप्रमाणं लहानमोठी खूण करत होता. जिथं आवाज सगळ्यांत मोठा, तिथं त्यानं पहार रोवली. त्याच्या मते मोठा आवाज म्हणजे मोठं लोखंड. मी पहार उपटली. तो आवाज मोठा होता, पण टोचरा होता, कड्याच्या अगदी जवळून आल्यासारखा. पायाच्या अंगठ्यानं मी तिथली माती उकरली. बोटभर खोलीवर खिळा लागला. बोटाएवढा लांब, आणि त्याला काळा दोरा गुंडाळलेला.

हा खिळा कशाचा हे आमच्याकडं पोरांनाही कळतं. म्हसोबाच्या जागेचा दगड हलवला की म्हसोबा मागं लागू नये म्हणून देवऋषीकडून असे खिळे मारून जमीन बांधून घेतात. बाळासोनं चोरी करायला भीती बाळगली नाही, पण चोरी केल्यावर देवाची वाटली. जितकी भीती तितके खिळे. मग वरून नांगर फिरला आणि खिळे वाट्टेल तिथं ओढले गेले. मी तो खिळा त्याच्या तोंडासमोर धरला.

"दगूड हुता तितंच हाय म्हनतोस, मग हितं जमीन कुनाच्या भ्यानं बांधलीस?"

बाळासोचं तोंड उतरलं. ते मी बघितलं, जोतीराम आण्णांनीही बघितलं. पण तो म्हणाला की बैलांना दृष्ट लागली होती, म्हणून खिळे मारले. आणि पंचांनी माना डोलावल्या. इतकंच नाही, ही बाई जमीन उकरते, उकरणं म्हणजे खणणंच झालं अशी त्यानं उलट तक्रार केली, आणि पंचांनी मला बजावलं की आता मातीला बोट लावलंस तर तोच तुझा खड्डा धरू. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोऱ्याचा खिळा हातात असताना, चोर समोर घाम पुसत असताना, गुन्हेगार मी.

मीरासाबला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मी खिळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं दोरा बघितला, बाळासोकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या वेळेपासून त्यानं मला पक्कं का असं विचारलं नाही. खिळ्यानं सांगितल्यावर त्याला पटलं, माझ्या सांगण्यानं पटलं नव्हतं. तो राग मी बाजूला ठेवला. तेव्हा वेळ नव्हता.

मी बोटांनी दाखवलं, खिळे वरवर आहेत, बारीक आहेत, पुष्कळ आहेत. तो कड्यांकडं बघत बसला. मग त्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "खाली वाकून बघितलं की खडंच दिसत्यात. उठून उभं ऱ्हायाय पायजे." आणि आमच्या शेजारच्या गुंडूच्या घरातून कोंबड्या झाकायची दोन मोठी डालगी आणायला सांगितलं.

त्यानं तासाभरात डालग्यांच्या कडा कापून दीड दीड हात रुंदीची दोन बांबूची कडी केली. लहान कड्यांवरची तार सोडवून मोठ्यांवर चढवली आणि मेणानं चिकटवली. लहान कडं जवळचं बारीक टिपतं, मोठं कडं लांबचं जाड टिपतं, असं त्याचं म्हणणं. शिवाय ते जमिनीला टेकवायचं नाही, गुडघ्याइतकं उंच धरायचं. उंच धरलं की वरच्या खिळ्याची ताकद एकदम तुटते. खोलातल्या मोठ्या लोखंडाला तेवढ्यानं फारसा फरक पडत नाही. हे सगळं करताना सूर्य कलला होता आणि लोक घरी जाऊन, जेवून परत आले होते.

आता ती कडी बांबूला बांधून दोघांनी दोन टोकं धरायला हवी होती. एक टोक मीरासाबनं धरलं. दुसरं कोण धरणार? धरणाऱ्याच्या अंगावर धातू नको. पुरुषांच्या कमरेला चांदीचा करदोडा, तो सोडायला कुणी पुढं येईना. सवाष्ण बाई गळ्यातलं आणि जोडवी काढणार नाही. चाळीस माणसं जमिनीकडं बघत उभी राहिली. मग मागून बायडाबाई आली. बाळासोच्याच वाड्याशेजारी राहणारी, साथीत नवरा गेलेली.

"माज्या अंगावर आता काय बी न्हाय. मी धरतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच, पुरुषासारखं धरतो-करतो बोलतात. बांबू हातात घेताना ती हळूच म्हणाली, दगड हलवला त्या दिवशी तिनं बघितलं होतं. मी विचारलं, मग दोन वर्षं तोंड का शिवून बसलीस? तर म्हणाली, "तुजं तरी कुनी ऐकलं?" मला तिचाही राग आला आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. दोन्हींपैकी काहीच केलं नाही, डबी कानाला लावली.

तोल साधायला या वेळी फार वेळ गेला. मोठी कडी वाऱ्यानं हलत होती. मीरासाब बोटानं जराजरा सरकवत होता, मी हात खाली, अजून खाली, आणि मग वर. डबी गप्प झाली. दोघं चालायला लागले. जिथं सकाळी यंत्र ओरडलं होतं त्या पहिल्या जागेवर आलो. काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं की यंत्र मेलं. पाचव्या आणि सहाव्या जागेच्या मधे, जिथं सकाळी साधी कुजबुजही नव्हती, तिथं डबीत काहीतरी जागं झालं. टोचरं नव्हतं. सावकाश चढत गेलं, गोल आणि जाड, आणि पुढं गेल्यावर सावकाश उतरलं. मी त्यांना मागं फिरवलं. आडवं नेलं, उभं नेलं. कडी मांडीइतकी उंच करायला लावली. आवाज कमी झाला पण गेला नाही.

मी डबी काढली. मीरासाब माझ्याकडं बघत होता. सकाळच्या नऊही जागा सोडून मी दहावी दाखवत होते, आणि खड्डा एकच होता. त्यानं पहार उचलली आणि माझ्या हातात दिली. मी ती तिथं रोवली.

खणायला गुंडू उतरला. अर्धा हात, नुसती माती. एक हात, माती. बाळासो हसायला लागला, आणि त्याच्याबरोबर हसणारे हसायला लागले. जोतीराम आण्णांनी पागोटं सारखं केलं, म्हणजे आता उठायचं. दीड हातावर गुंडूच्या खोऱ्यात काळं आलं. कोळसा. मग खापऱ्या. गुंडूनं खोरं टाकून हातांनी माती काढायला सुरुवात केली आणि सूर्य टेकायच्या आत दोन फाळ वर आले, गंजून एकजीव झालेले, तारेचा नुसता वळ राहिलेला. एक आमच्या आजेसासऱ्याचा, एक बाळासोच्या आज्याचा.

बाळासो निघून जायला लागला. पंचांनी त्याला थांबवलं आणि दगड उद्या जुन्या जागी बसवायचा असा निकाल दिला. तो ऐकून बाळासो बांधाकडं चालायला लागला. लोक खड्ड्याभोवती गोळा झाले. कुणी कड्यांना हात लावून बघत होतं, कुणी बरण्यांत वाकून बघत होतं. शेजारच्या गावाच्या एकानं तर विचारलंही, आमच्याकडं एक तंटा आहे, यंत्र घेऊन कधी येता? सगळे मीरासाबची पाठ थोपटत होते. मी डबी हातात घेऊन दोन हात अंतरावर उभी होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी दोन वर्षं जे ओरडून सांगत होते तेच जमिनीतून निघालं होतं, आणि तरीही ते माझं नव्हतं.

जोतीराम आण्णा मीरासाबजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मीरासाब, तुजं यंतर खरं बोललं बग."

मीरासाबला ओठ हललेले दिसले. त्यानं नेहमीसारखं माझ्याकडं वळून बघितलं, काय म्हणतात म्हणून. गावातला प्रत्येक शब्द त्याच्यापर्यंत माझ्याच तोंडून जायचा. मी त्याच्या कानाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हनत्यात, ताजबी पयल्यापास्नं खरं बोलत हुती."

जोतीराम आण्णांचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला. ते काहीतरी बोलणार होते, पण मीरासाबनं त्यांना बोलू दिलं नाही. बहिऱ्याचा आवाज मोठा असतो. तो म्हणाला, "मग आण्णा, हे मला कशापाय सांगताय? माजी बी चूक झाली हाय. तिला सांगा."

दोन वर्षांत जोतीराम आण्णांनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. मी म्हटलं तसं त्यांनी म्हटलंच नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण मी तसं म्हटलं नाही, असं सांगायला सगळ्या गावासमोर, उघड्या खड्ड्याच्या काठावर जीभ रेटावी लागली असती. ती त्यांना रेटवली नाही. पायाशी बघत, ओठातल्या ओठात ते म्हणाले, "व्हय बाई. तू खरं बोलत हुतीस."

मी जागची हलले नाही.

"मोठ्यानं म्हना आण्णा," मी म्हटलं. "त्यास्नी ऐकाय येत न्हाय."

त्यांनी परत म्हटलं. मीरासाबनं मान हलवली, नाही आलं ऐकू. मग जोतीराम आण्णांनी पागोटं सावरलं, छाती भरून घेतली आणि तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. बाळासो तोवर बांधाच्या पार पलीकडं पोहोचला होता. तो तिथंच थांबला.